छत्री बदलून मिळेल

विषय : हवाई छत्री, नग एक, बदलून देण्याबाबत.
संदर्भ : कॉर्पोरल विनिफ्रेड ओल्डरॉइड, छत्री विभाग, हॅल्थम फेन विमानतळ, यांचा अर्ज.

१

उपरोक्त विषयास अनुसरून प्रथम नमूद करावयाचे ते असे की, सगळ्या प्रकरणाचे मूळ एका फळ्यात आहे, आणि तो फळा विनामंजुरी लावलेला होता.

इंग्लंडात, लिंकनशरच्या पाणथळ सपाटीवर, समुद्राचा वास येईल इतक्या अंतरावर, हॅल्थम फेनचा तळ होता. दुसऱ्या महायुद्धाचा पाचवा हिवाळा. तळावर चार-चार इंजिनांची अवजड लँकेस्टर विमाने, एकेका विमानात सात माणसे, आणि त्या सातांना वर पाठवण्यासाठी खाली राबणारी शेकडो. कामाचा दिवस उजाडला हे कोणी सांगावे लागत नसे. सकाळी बाहेर फोन करायला बंदी झाली की आज जायचे आहे, हे मुदपाकखान्यातल्या मांजरालाही कळे. मग पेट्रोलचे टँकर, बॉम्बच्या गाड्यांची लांब माळ, दुपारी इंजिनांची चाचणी, बंद दाराआड नकाशा, आणि जेवणात भुकटीचे नव्हे, खरे, कोंबडीने घातलेले अंडे. रेशनच्या त्या दिवसांत अंडे दिसले की पोरे खूश होत. ते का मिळाले याची चर्चा करत नसत. शेवटी, गाड्यांत चढण्याआधी, छत्र्या घ्यायला विनिफ्रेडच्या खिडकीपुढे रांग लागे.

छत्री हा त्यांचाच शब्द. सरकारी कागदांत पॅराशूटला चांगले ओळभर नाव होते, पण ते घेऊन उडी मारायला कोणी तयार झाले नसते.

"न उघडली तर काय करायचं?" प्रत्येक नवा पोरगा विचारी, आणि देशातल्या प्रत्येक छत्रीघरात त्याला एकच उत्तर मिळे : "परत आणून दे. बदलून देऊ." विनोद हवाई दलाइतका जुना, आणि तितकाच दमलेला. पण पर्सी स्टॉबर्ट नावाच्या एका गनरला तो कायम करावासा वाटला. विमानाच्या शेपटीत, काचेच्या पिंजऱ्यात, एकटा पाठमोरा बसणारा हा डरहॅमच्या खाणवस्तीतला मुलगा. एकटे बसून बसून त्याच्या डोक्यात नसती खुळे येत. विमानांवरची चिन्हे रंगवून उरलेला रंग त्याने ढापला आणि खिडकीच्या वर फळा ठोकला :

छत्री न उघडल्यास परत आणावी. बदलून मिळेल. हुकमावरून.

"हुकूम कुणाचा रे?" विनिफ्रेडने विचारले होते.

"तुझाच की, विन मावशी. खिडकीत तू उभी असतेस."

ती एकतीस वर्षांची होती. मावशी म्हटलेले तिला आवडत नसे, म्हणूनच तो म्हणे.

भांडार अधिकारी फ्लाइट लेफ्टनंट फेनिमोर यांनी फळा काढण्याचा आदेश दिला. मग लक्षात आले की, जो फळा लावल्याची नोंद नाही तो काढल्याची नोंद करता येत नाही. फळा राहिला.

२

डिसेंबरात स्टॉबर्टचे विमान परतताना मार खाऊन आले. किनारा ओलांडता ओलांडता पायलटने सगळ्यांना उड्या मारायला सांगितले. सहा जण कोबीच्या शेतांत उतरले. एकाचा घोटा मुरगळला, एकाला शेतकऱ्याने आधी जर्मन समजून दांडक्याने बडवले आणि मग चहा पाजला. सातवा सापडला नाही. दलदल धुंडाळली, होड्या पाठवल्या, ओहोटीला चिखल तुडवला. सापडला नाही.

सहा जण रिवाजाप्रमाणे आभार मानायला आले. ज्या बाईने आपली छत्री बांधली तिला काहीतरी द्यायचे, असा शिरस्ता होता. त्यांनी चॉकलेटे आणली. विनिफ्रेडने ती आपल्या हाताखालच्या डोरीनकडे दिली, आणि पायलटला एकच विचारले.

"त्यानं उडी मारलेली तुम्ही पाहिलीत?"

"मीच शेवटी होतो. माझ्यापुढं गेला तो. दारातून वळून म्हणाला, 'न उघडली तर मावशीकडं जातो.' आणि गेला."

"आणि उघडली?"

"अंधार होता, कॉर्पोरल," पायलट म्हणाला, आणि टोपीकडे बघत बसला.

त्या सातही छत्र्या या दोघींनी बांधल्या होत्या. स्टॉबर्टची विनिफ्रेडने. लांब टेबलावर रेशीम पसरायचे, घडीवर घडी घालायची, घडी सुटू नये म्हणून शिशाच्या पिशव्या ठेवायच्या, दोऱ्या फासांत ओवायच्या, कॅनव्हासचे पाकीट मिटायचे, आणि छत्री उघडणाऱ्या कळीच्या पिनांवर तांबड्या सुताचा एक कच्चा टाका घालायचा. कळ ओढली की सूत तुटते. सूत शाबूत तर छत्री शाबूत. हे ती झोपेतही करू शकली असती, आणि नेमकी तीच शंका तिला छळू लागली. त्या दिवशी आपण जाग्या होतो ना?

कागदोपत्री स्टॉबर्ट मेला नाही. बेपत्ता झाला. म्हणजे त्याचे नाव कमी करायचे नाही, आणि त्याच्याकडे काही मागायचेही नाही. सरकारने माणसासाठी काढलेल्या सगळ्या वर्गांत हा सर्वात गैरसोयीचा.

३

नंतरच्या पहिल्याच मोहिमेच्या दिवशी तिला रांग खटकली.

काय खटकले ते आधी कळेना. रांग नेहमीसारखीच होती. भेकड विनोद, मोठी हसणी, कोणीतरी शिट्टीवर चुकीचा सूर. डोरीन फळीवरून पाकिटे आणून देत होती, विनिफ्रेड खिडकीतून सरकवत होती. मग दिसले. रांगेच्या मध्यावर एका माणसाची जागा मोकळी होती.

मागचा मुलगा पुढे सरकत नव्हता. रांग एक पाऊल हलली की मोकळी जागाही एक पाऊल हलायची. मागचा मुलगा बोलताना डोके जरा बाजूला काढून पुढच्याशी बोलायचा. मध्ये कोणी उभे असले की आपण काढतो तसे.

"डोरीन, ते तिथं मधे कोण आहे?"

"कुठं?" डोरीन पास्क जवळच्याच गावची, तोंडाने फटकळ, नजरेने पक्की. "कुणी नाही. का गं?"

"मग तो मागचा पुढं का सरकत नाही?"

"पुढं सरकायची घाई कुणाला असते इथं?"

हे बिनतोड होते. विनिफ्रेड पाकिटे देत राहिली. मोकळी जागा खिडकीशी आली. मागचा मुलगा दोन हात अंतरावर, नाकासमोर बघत, निमूट उभा. विनिफ्रेडने वाट पाहिली. मग तिने वाट पाहिली याचीच तिला भीती वाटली, आणि ती मोठ्याने म्हणाली, "पुढचा!"

मुलगा दचकून पुढे आला. "माझा नंबर का?" त्याने विचारले.

रांग संपल्यावर खिडकीखाली फरशीवर पाण्याचे थारोळे दिसले. बुटांचे असेल, ती स्वतःला म्हणाली. बाहेर आठवडाभर कडक थंडी होती, वाटांवरचा चिखल दगडासारखा गोठलेला. मग छप्पर गळत असेल. गोठल्या दिवशी छप्परे गळत नाहीत हे तिला माहीत होते. तिने फरशी पुसली, आणि फडका पिळताना बोटावरच्या चिरेला झोंबले म्हणून बोट तोंडात घातले.

खारट होते.

४

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कठड्यावर पाकीट होते. ओले, थंड, कॅनव्हास काळवंडलेले. कळ ओढलेली, तांबडे सूत तुटलेले, आणि पाकीट मात्र मिटलेले. कळीच्या मुठीला निळ्या लोकरीचा तुकडा बांधलेला होता. विमानातल्या अंधारात आपली छत्री हाताला लागावी म्हणून स्टॉबर्टने स्वतःचा मोजा उसवून तो बांधला होता.

डोरीनने एकदा पाकिटाकडे पाहिले, एकदा वर फळ्याकडे पाहिले.

दोघींनी ते टेबलावर उघडले. विनिफ्रेडने पट्टे बाजूला केले. जे असेल ते बघायचे, असे तिने ठरवले होते. आत घडीवर घडी, दोरीशेजारी दोरी. कुठे पीळ नाही, गाठ नाही, चूक नाही. घड्या तिच्याच, आणि बिनचूक. ही छत्री उघडायलाच हवी होती.

तिला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले नाही. चूक सापडली असती तर निदान कारण सापडले असते.

ते रेशीम त्यांनी वाळवणघरात टांगले. छत्रीघराला लागून ती उंच, चिमणीसारखी खोली होती. छताला कप्प्या, कप्प्यांवरून शेंड्याला धरून छत्र्या वर ओढायच्या, म्हणजे त्या लांब पांढऱ्या झग्यांसारख्या लोंबत. भिंतींवरचे गरम पाण्याचे नळ सतत तापलेले. दोन दिवसांत काहीही वाळे. ही वाळली नाही. बाकीच्या वाळल्या, उतरल्या, बांधून गेल्या. ही कोपऱ्यात टपटपत राहिली. आणि बाकीच्या लोंबत होत्या तिथे हिच्या दोऱ्या ताणलेल्या होत्या. खाली वजन असल्यासारख्या.

"दोऱ्या आटल्या असतील," विनिफ्रेड म्हणाली.

"असतील हो, कॉर्पोरल," डोरीन म्हणाली. दोघीच असल्या की ती विनी म्हणे. आज त्या दोघीच होत्या.

५

पुढच्या मोहिमेच्या दिवशी कोपऱ्यातली कप्पी रिकामी होती. कोणी उतरवून बांधली असेल म्हणावे, तर बांधणाऱ्या याच दोघी.

रांग लागली. मध्यावर मोकळी जागा होती. विनिफ्रेडने तिकडे बघायचे नाही असे ठरवून तिकडे बघितले. तेवढ्यात सिरिल हेब खिडकीशी आला. हा एका विमानाचा इंजिनिअर. कानांनी मोठा, बोलायला लाजरा, आणि ईस्टरला डोरीनशी लग्न करणार होता. डोरीनने फळीवरचे पाकीट उचलून विनिफ्रेडकडे दिले, विनिफ्रेडने त्याच्याकडे सरकवले. त्याने उचलून बगलेत मारले आणि वळला. पाकीट कोरडे, सूत शाबूत, सगळे ठीकठाक.

मुठीला निळी लोकर होती.

"हेब! इकडं आण ते."

"का हो मावशी? चांगली आहे की."

"आण म्हणते ना!" तिने अर्धे अंग खिडकीबाहेर काढून पाकीट हिसकावले. रांगेत हशा पिकला.

"मावशीला हेबपेक्षा छत्री प्यारी!"

"डोरीन, सांभाळ गं, नवऱ्याला उघडाच पाठवतायत!"

तिने दुसरे पाकीट त्याच्या हातात कोंबले. पहिले तिच्या छातीशी होते, आणि कॅनव्हासच्या कोरडेपणाआडून गारठा तिच्या अंगरख्यात शिरत होता. तिने डोरीनकडे पाहिले. डोरीनचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तिने स्वतः ते फळीवरून उचलून दिले होते.

त्या दिवसापासून विनिफ्रेडने नेम केला. रांग लागण्याआधी फळीवरच्या प्रत्येक पाकिटावर तळवा ठेवून पाहायचे. लोकर पुढच्या वेळी नव्हती. कोणीतरी सोडून घेतली होती. पण गारठा होता, आणि तळव्याला सापडे. सापडले की ते कुलपात टाकायचे. पुढच्या मोहिमेला ते फळीवर परत असे, दर वेळी वेगळ्या ठिकाणी. आणि दर वेळी गारठा थोडा कमी.

६

"ही छत्री बाद करावी, सर."

फ्लाइट लेफ्टनंट फेनिमोर शांततेच्या काळात विमा कंपनीत होते. वाईट माणूस नव्हे. नियमाबाहेर काही घडते यावर त्यांचा विश्वास नव्हता, इतकेच.

"दोष काय?"

"न उघडण्याचा, सर."

"तुम्ही टेबलावर उघडलीत ना? उघडली?"

"उघडली."

"मग?"

"ती परत येते, सर."

"परत येणं हा दोष नाही, कॉर्पोरल. या तळावर तो गुण धरतात." ते हसले नाहीत, त्या आठवड्यात तीन विमाने आली नव्हती. "तुम्ही दमला आहात. आठ दिवस घरी जाऊन या."

"मी गेले तर फळीला हात कोण लावणार? एक दिवस ती कुणाच्या तरी गळ्यात जाईल. मला बाद नाही करता येत ना? मग बदलून द्यायची परवानगी द्या."

"कुणाला?"

"सार्जंट स्टॉबर्टला. फळ्यावर लिहिलंय. तो आणून देतोय, आपण बदलून देत नाही. म्हणून ती इथंच राहते. आपली चूक आहे, सर."

फेनिमोर पेन्सिलीला टोक काढू लागले. "बदलीसाठी इसमानं वस्तूसह समक्ष हजर राहावं लागतं," ते शेवटी म्हणाले. त्यांना वाटले, येथे विषय संपला.

"राहतो, सर. रोज राहतो. तुम्ही या एकदा."

ते आले. हेही नमूद केले पाहिजे. पुष्कळ अधिकारी आले नसते. मोहिमेच्या दुपारी ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, कठड्याशी टेकून उभे राहिले. पोरे त्यांना वळसा घालून पाकिटे घेत होती. रांग सरकत होती. मोकळी जागा चार माणसांवर आली, तीनवर आली. फेनिमोर डोरीनला सुट्या सुताच्या हिशेबाबद्दल काहीतरी विचारत होते. मोकळी जागा खिडकीशी आली, तेव्हा ते बोलता बोलता अर्धे वळले, अंग चोरून एक पाऊल बाजूला झाले आणि म्हणाले, "माफ करा हं."

मग त्यांनी पाहिले की आपण वाट दिली तिथे कोणीच नाही.

त्यांच्या उजव्या बाहीवर, कोपरापासून मनगटापर्यंत, ओला पट्टा उमटला होता. तो त्यांनी बोट लावून पाहिला नाही. ते खिडकीपाशी वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अर्ज द्या. लेखी. मी वर पाठवतो."

अर्ज दिला. वर गेला. वरून खुलासा मागवण्यात आला की, सदर इसम हयात असल्यास बेपत्ता कसा, व बेपत्ता असल्यास हजर कसा.

७

जानेवारीत एक सकाळ अशी आली की विनिफ्रेडने फळीवरच्या सगळ्या पाकिटांवर तळवा ठेवला आणि गारठा कुठेच लागला नाही.

तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिले. डोरीनला पाहायला लावले. गालाला लावून पाहिली. सगळी सारखी, खोलीइतकी उबदार. कुलपाचे कपाट रिकामे होते. म्हणजे ते या फळीवर होते, आणि आता ते बाकीच्यांसारखे झाले होते.

"सगळी उघडून बघू," डोरीन म्हणाली.

"उघडून काय दिसणार? घड्या बरोबरच निघणार. आणि पुन्हा बांधायला वेळ कुठाय?"

"मग नकोच जाऊ देत त्यांना! सांगू, छत्र्या भिजल्या."

"सांगितलं तर बिनछत्रीचे पाठवतील. तुला माहीत नाही का ही माणसं?"

डोरीन खाली बसली. "सिरिल आज जातोय, विनी."

"मला माहीत आहे. ऊठ. टेबल मोकळं कर."

वाळवणघरातून तिने एक नवी कोरी छत्री उतरवली. कोणाला न दिलेली. ती तिने टेबलावर पसरली आणि बांधायला घेतली. घाई न करता, तोंडाने प्रत्येक घडी म्हणत, लग्नाच्या पोशाखाला इस्त्री करावी तशी. तांबड्या सुताचा टाका घातला, दातांनी तोडला. डोरीनने निळी लोकर शोधून आणली, तिच्याच मोज्याची, आणि मुठीला बांधली.

दुपारी रांग लागली. फळीवरचे एकही पाकीट विनिफ्रेडने द्यायला घेतले नाही. पोरे कुरकुरू लागली.

"मावशी, युद्ध संपेल!"

"संपू दे. थांबा जरा."

"फळीवर आहेत की इतक्या. अंडी घालतायत का त्या?"

"पुढे जागा द्या," ती म्हणाली. आणि रांगेतली मधली मोकळी जागा माणसांना मागे टाकत थेट खिडकीशी आली. डोरीनने नंतर सांगितले की तिने फक्त पोरांचे खांदे एकामागून एक बाजूला होताना पाहिले; वाऱ्याने गवत दुभंगावे तसे.

समुद्राचा वास आला. कठड्याच्या पलीकडे काही नव्हते. विनिफ्रेडने पाकीट कठड्यावर ठेवले, मूठ पलीकडे करून. हात वरून काढला नाही.

"स्टॉबर्ट," ती नेहमीच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "ही आज सकाळी बांधली. मी जागी होते. जुनी इथं ठेव आणि ही घेऊन जा."

काही झाले नाही. मागे कोणीतरी खोकले. मग तिच्या तळव्याखालचे पाकीट हलले. आधी हळू, सवयीने मूठ चाचपावी तसे. मग ओढले गेले. तिने क्षणभर धरून ठेवले. का धरले ते तिला सांगता आले नाही. बहुधा एवढ्यासाठी की पलीकडे कोणी आहे हे हाताला कळावे. होते. मग तिने सोडले.

कठडा रिकामा झाला, आणि तिच्यामागे फळीवरून काहीतरी जड, ओले, थप्पकन खाली पडले.

हेबच्या विमानाच्या सात पाकिटांतले ते चौथे होते. विनिफ्रेडने ते पायाने टेबलाखाली सारले.

"पुढचा," ती म्हणाली. पुढचा आला. त्याच्या पुढे जागा नव्हती.

८

तिसऱ्या दिवशी भरदुपारी, आकाश निरभ्र आणि विमाने सगळी जमिनीवर असताना, विनिफ्रेड छत्रीघराच्या दारात उभी राहून सँडविच खात होती. दलदलीवर, बांधाच्या पलीकडे, पांढरे काहीतरी खाली येत होते.

ते गोल होते आणि भरलेले होते. सावकाश, किंचित डोलत येत होते. इतक्या लांबून खाली काय आहे ते दिसत नव्हते. तरी तिला वाटले की खाली दोन पाय आहेत, आणि ते सायकल मारल्यासारखे हवेत हलत आहेत; चेष्टेने, कोणीतरी बघत असल्याचे ठाऊक असल्यासारखे. तिने डोळे चोळले नाहीत. बांधाआड जाईपर्यंत तिने पाहिले, आणि मग राहिलेले सँडविच संपवले.

पहाऱ्यावरच्यांनीही पाहिले होते. गाडी गेली, दलदल तुडवून परत आली. काही नाही.

संध्याकाळी वाळवणघराच्या कोपऱ्यात, रिकाम्या कप्पीखाली, छत्रीचे गाठोडे पडले होते. माणूस उतरल्यावर बखोटीला मारून आणतो तसे, कसेबसे गुंडाळलेले. रेशमाला दलदलीचे गवत चिकटले होते. रेशीम कोरडे होते. लोकर नव्हती.

डोरीन त्या संध्याकाळी खूप रडली आणि मग खूप हसली. हेब परत आला होता, सगळीच्या सगळी विमाने परत आली होती. फेनिमोर यांनी गाठोडे पाहिले, टेबलाखालचे ओले पाकीट पाहिले आणि खेदाने सांगितले की, बदलीस आता कार्योत्तर मंजुरी घ्यावी लागेल. त्यांच्या बाहीवर मिठाचा पांढरा डाग होता. ती बाही त्यांनी धुवायला टाकली नव्हती.

पुढची मोहीम आठवडाभराने निघाली. सकाळी फोन बंद झाले. बॉम्बच्या गाड्या गेल्या, अंडी झाली. विनिफ्रेडने खिडकी उघडली.

"आज रांग केवढी लांब आहे गं," डोरीन टाचा उंचावून म्हणाली. "सायकलींच्या शेडपर्यंत गेलीये. विमानं तर तेवढीच आहेत."

माणसेही तेवढीच होती. फक्त प्रत्येक दोघांच्या मधे एकाची जागा मोकळी होती. काही ठिकाणी सलग सातांची. पोरे डोकी बाजूला काढून एकमेकांशी बोलत होती, हसत होती, कोणीतरी चुकीच्या सुरात शिट्टी वाजवत होते, आणि दारापासून खिडकीपर्यंत फरशी ओली चमकत होती. रांगेच्या अगदी शेवटी, दूर, हेबचे मोठे कान दिसत होते.

मागे फळीवर पाकिटे होती. विनिफ्रेडने जवळच्या एकावर तळवा ठेवला. गार. शेजारचे गार. त्याच्या शेजारचेही.

"काय गं?" डोरीनने विचारले. "विनी, काय झालं?"

स्टॉबर्टच्या पोटात काही राहत नसे; बदलून मिळते हे त्याने सगळ्या बेपत्तांना सांगितले असणार. हे तिला आधीच सुचायला हवे होते.

तिने बाह्या वर सारल्या. "वाळवणघरातल्या आहेत तेवढ्या सगळ्या उतरव," ती म्हणाली. "टेबल मोकळं कर. आणि फेनिमोरसाहेबांना बोलव. म्हणावं, कोट काढून या, घड्या घालायच्या आहेत." मग ती खिडकीबाहेर वाकली आणि त्या लांब रांगेला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "गडबड करू नका. फळ्यावर लिहिलंय ना? मग मिळेल. एकेकानं पुढं या."

त्याच रात्री तिने पुरवणी अर्ज दाखल केला : तळाकडून यापूर्वी बेपत्ता झालेल्या सर्व इसमांकरिता हवाई छत्र्या, आवश्यक तितके नग, तातडीने मिळाव्यात. फेनिमोर यांनी शिफारशीसह तो वर पाठवला. वरून नगांची निश्चित संख्या विचारण्यात आली. ती रोज बदलत असल्याचे कळवण्यात आले.

अर्ज विचाराधीन आहे.